मोडीचे मोल

‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार आपण नेहमी वापरतो. कामातून गेली म्हणून एखादी वस्तू, जुना झाला म्हणून एखादा विचार आणि प्रसंगी एखादा माणूसही आपण मोडीत काढतो. परंतु हा शब्द तांब्या-पितळेच्या व्यवहारातला आहे. फुटलेला हंडा, चेपलेली परात, तळ गेलेली घागर ही घरातली मोड होय. ती वजनावर विकली जाई आणि त्या रकमेत थोडी भर घालून घरात नवे भांडे येई. मोडीत निघाले म्हणून भांड्याचे आयुष्य संपत नसे. वितळून, नवे रूप घेऊन ते पुन्हा कोणाच्या तरी संसाराला लागे. अशी मोड दारोदार फिरून गोळा करणारी माणसे मी लहानपणी साताऱ्यात पाहिली आहेत.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या त्या जुन्या पेठांतून तेव्हा मोटारींची वर्दळ फारशी नव्हती. त्यामुळे फेरीवाल्याची आरोळी दोन गल्ल्या आधीच कानी पडे आणि केवळ आवाजावरून कोण येत आहे, हे आम्हां मुलांना ओळखता येई.

दुपारची जेवणे आटोपली, की बोहारीण येई. तिच्या डोक्यावरच्या पाटीत जर्मनची आणि पुढे पुढे स्टीलची भांडी चकाकत असत. ओट्यावर जुन्या कपड्यांचा ढीग पडे. ती एकेक धोतर, एकेक लुगडे उजेडाकडे धरून विरलेली जागा शोधी. मग एका पातेल्यावरून घटकाभर घासाघीस चाले. जरीचा काठ मात्र ती न बोलता बाजूला ठेवी, कारण खऱ्या जरीतून चांदी निघते, हे तिला पक्के ठाऊक होते.

डबा-बाटलीवाल्याची वाट आम्ही मुले पाहत असू. गंजलेले खिळे, बिजागऱ्या, रिकाम्या बाटल्या यांच्या बदल्यात तो ओंजळभर फुटाणे देई. रद्दीवाला सर्वांत शांत. वर्तमानपत्रांचा गठ्ठा तो तराजूत टाकी, पण त्यात एखादे धड पुस्तक दिसले, तर ते अलगद बाहेर काढी. “हे कुणाच्या तरी शाळेला उपयोगी पडंल,” असे म्हणून तो ते वेगळ्या पिशवीत ठेवी. त्याला स्वतःला अक्षरओळख नव्हती.

या पोत्यांतील माल पुढे कोठे जातो, हे कोडे आम्हांला फार दिवस सुटले नाही. त्याचे उत्तर आमच्याच मुलखात होते. कराडजवळ ओगलेवाडी येथे १९१६ साली काचेचा कारखाना निघाला. त्याचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. तो कारखाना आता बंद पडला आहे. परंतु काचेच्या कोणत्याही भट्टीचा नियम एकच असतो. वाळू, सोडा आणि चुना यांच्याबरोबर फुटकी काच घातली, की मिश्रण कमी उष्णतेत वितळते आणि इंधन वाचते. सुती चिंध्यांचे असेच आहे. त्या कुटून, त्यांचा लगदा करून उत्तम हातकागद तयार होतो.

लोखंडाची कथा तर अधिकच बोधप्रद आहे. आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी येथे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना उभारला व तेथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि परदेशातून येणारे लोखंड दुर्मीळ झाले. कारखाना चालणार कसा? तेव्हा कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातील निकामी झालेल्या जुन्या तोफा कारखान्याला दिल्या. तोफा भट्टीत गेल्या आणि त्यांचे नांगर झाले. ज्या धातूने एकेकाळी आग ओकली, तोच शेतकऱ्याच्या हाती येऊन जमीन नांगरू लागला. मोडीचे याहून मोठे मोल कोणते?

मालाचे मोल आपण असे जाणतो. तो वाहणाऱ्या माणसाचे मात्र विसरतो. आमच्या शेजारच्या वाड्यातील एक पितळी तांब्या एकदा नाहीसा झाला. त्या सकाळी डबा-बाटलीवाला अंगणात येऊन गेला होता. कोणी काही पाहिले नव्हते, तरी “त्याच्याशिवाय कोण नेणार?” असे एकाने म्हटले आणि सर्वांनी मान डोलावली. पुढच्या फेरीला त्याला भर गल्लीत पोते रिकामे करावयास लावले. पत्रे, खिळे, बाटल्या धुळीत पसरल्या. तांब्या निघाला नाही. त्याने खाली बसून एकेक वस्तू पुन्हा पोत्यात भरली आणि तो निघून गेला. त्यानंतर त्याची आरोळी आमच्या गल्लीत ऐकू आली नाही.

वैशाखात वाड्यातील आडाचा गाळ काढला, तेव्हा चिखलाने माखलेला तांब्या वर आला. वाड्यातील आजींनी निरोप धाडून त्याला बोलावून घेतले. तो म्हणाला, “आज्जी, तांब्या घावला, बरं झालं. पण पोतं वतलं तवा माझी ल्हान पोर संगं हुती.” आजी क्षणभर निःशब्द झाल्या. मग त्या उंबरठा ओलांडून रस्त्यावर आल्या आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आळ भर गल्लीत घेतला, तर माफीही भर गल्लीतच मागायला हवी. बाबा, आमचं चुकलं.” दारादारांत उभी असलेली माणसे खाली पाहू लागली.

असा आळ साऱ्याच शहरांतील भंगार वेचणाऱ्यांच्या वाट्याला येत असे. पुण्यात १९९३ साली या कष्टकऱ्यांनी आपली संघटना बांधली. तिचे नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ असे आहे. तिच्या सभासदांच्या ओळखपत्रांना पुणे महानगरपालिकेने मान्यता दिली. एवढ्याशा कागदाचे काय मोठेसे, असे कोणास वाटेल. परंतु ज्याच्यावर प्रत्येक दारात संशय घेतला जातो, त्याला ‘मी चोर नाही, कामगार आहे’ असे ताठ मानेने सांगता येणे, ही लहान गोष्ट नव्हे.

आज कचऱ्याचे डोंगर साऱ्या जगापुढे प्रश्न होऊन उभे आहेत. खनिजापासून ॲल्युमिनियम बनवण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे ५ टक्के ऊर्जेत जुने ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरता येते, असे शास्त्रज्ञ सांगतात. हे ज्ञान मोठे खरे. परंतु तो जुना डबा भट्टीपर्यंत पोहोचतो, तो कोणाच्या तरी खांद्यावरून. वस्तू मोडीत निघते आणि तिचे पुन्हा सोने होते. माणसाला मात्र आपण कधीही मोडीत काढू नये.

अभ्यास

१. ‘मोडीत काढणे’ या वाक्प्रचाराचा मूळ अर्थ व आजचा अर्थ यांतील फरक सांगा.
२. निकामी तोफांचे नांगर का व कसे झाले?
३. आजींनी रस्त्यावर येऊन माफी का मागितली? तुम्हांला त्यांचे वागणे कसे वाटते?
४. तुमच्या घरातील एखादी टाकाऊ वस्तू पुढे कोठे जाते, याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.