ॲप-व्ही पॅकेज: काय करावे, काय टाळावे

सॉफ्टग्रिड या नावाने आलेले हे तंत्र मायक्रोसॉफ्टने २००६ साली सॉफ्ट्रिसिटी कंपनीसकट विकत घेतले आणि त्याचे ॲप-व्ही झाले. २०१६ पासून विंडोज १० च्या एंटरप्राइज आवृत्तीत त्याचा क्लायंट आयताच असतो, फक्त चालू करावा लागतो. सॉफ्टवेअर संगणकावर इन्स्टॉल न करता स्वतःच्या बबलमध्ये, म्हणजे वेगळ्या आभासी वातावरणात, चालवायचे, एवढीच कल्पना. पुढे ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ पॅकेज बनवतानाच्या घाईत सापडते.

काय करावे

• सीक्वेन्सिंग, म्हणजे इन्स्टॉल होतानाचे बदल सीक्वेन्सर या साधनाने नोंदवून पॅकेज बनवणे, स्वच्छ व्हर्च्युअल मशीनवरच करा. प्रत्येक पॅकेजनंतर स्नॅपशॉटवर परत जा, मग पॅकेज कितीही किरकोळ असो. मशीनवर आधीच असलेली फाइल इन्स्टॉलर बहुधा पुन्हा टाकत नाही, म्हणून सीक्वेन्सरला ती दिसतच नाही. असे पॅकेज तुमच्या टेबलावर झकास चालते आणि लेखा विभागात उघडतही नाही.

• मशीनची विंडोज आवृत्ती वापरणाऱ्यांच्या संगणकांशी जुळती ठेवा. डिफेंडर, विंडोज अपडेट आणि सर्च तेवढ्यापुरते बंद करा. नोंद चालू असताना मागे अपडेट उतरले, तर त्याच्या रजिस्ट्री की तुमच्या पॅकेजमध्ये येऊन बसतात.

• इन्स्टॉल झाल्यावर, नोंद चालू असतानाच, प्रोग्रॅम एकदा उघडा. परवान्याच्या अटी, स्वागताच्या खिडक्या, नोंदणीची विनंती, सगळे तिथेच उरकून घ्या. ऑटो-अपडेट तर नक्की बंद करा. ते चालू राहिले तर बदल ज्याच्या-त्याच्या प्रोफाइलमध्ये साठत जातात, आणि महिन्याभरात एकाच पॅकेजच्या वेगवेगळ्या आवृत्त्या कार्यालयात नांदू लागतात.

• सीक्वेन्सर शेवटी अहवालाची फाइल देतो, ती वाचा. कोणता ड्रायव्हर आत आला नाही, कोणती फाइल वगळली, हे त्यात लिहिलेले असते. ती न वाचता हेल्पडेस्कला दोष देणारे बरेच भेटतात.

• नवी आवृत्ती आली की जुने पॅकेज सीक्वेन्सरमध्ये उघडा आणि ‘अपडेट’ निवडा. हा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा. प्रत्येक पॅकेजला दोन ओळखक्रमांक असतात: एक पॅकेजचा, एक आवृत्तीचा. अपडेट केले तर पॅकेजचा क्रमांक तोच राहतो, फक्त आवृत्तीचा बदलतो. क्लायंटला हे जुनेच ॲप्लिकेशन असल्याचे कळते आणि वापरणाऱ्याने आत केलेल्या सेटिंग्ज टिकतात. ‘त्यापेक्षा नव्यानेच बनवू’ म्हणून शून्यापासून पॅकेज केले की दोन्ही क्रमांक नवे होतात. जुने काढले नसेल तर स्टार्ट मेनूत तोच प्रोग्रॅम दोनदा दिसतो, सेटिंग्ज कोऱ्या होतात, आणि ज्या कनेक्शन ग्रुपमध्ये (एकमेकांना जोडलेल्या पॅकेजच्या गटात) जुना क्रमांक लिहिला होता, तो नव्या पॅकेजला विचारतही नाही. सोमवारी सकाळी येणारा ‘माझं सगळं गेलं’ हा फोन हमखास इथून सुटतो.

• म्हणून पॅकेजच्या फोल्डरमध्ये मूळ इन्स्टॉलर, कोणत्या विंडोजवर बनवले, कोणते पर्याय निवडले आणि का, हे सगळे लिहून ठेवा. बनवणारा माणूस नोकरी सोडून जातोच.

• शॉर्टकट किंवा फाइल जोडणी बदलायची असेल तर पॅकेज पुन्हा उघडू नका, सोबतच्या एक्सएमएल फाइल वापरा. डिप्लॉयमेंट कॉन्फिगरेशन संपूर्ण संगणकाला लागू होते, यूजर कॉन्फिगरेशन एका वापरणाऱ्याला. शेअरवरची फाइल नुसती सेव्ह करून मात्र काही होत नाही. पहिली पॅकेज ॲड करताना वाचली जाते, दुसरी पब्लिश करताना, त्यामुळे बदल पुन्हा लागू करावा लागतो. त्यात स्क्रिप्ट असेल तर क्लायंटवर स्क्रिप्टला परवानगी आहे का तेही पाहा, कारण ती मुळात बंद असते.

• दोन पॅकेजना एकमेकांची फाइल दिसायला हवी असेल, उदाहरणार्थ रिपोर्टिंगचा प्रोग्रॅम आणि ओरॅकल क्लायंट, तर कनेक्शन ग्रुप करा. ग्रुपमधला क्रम विचारपूर्वक लावा. एकच की दोन्हींत असली तर वरच्या पॅकेजचे चालते.

• बिघाड शोधताना बबलच्या आत शिरा. बाहेरून रजिस्ट्री एडिटर उघडून ‘की तर दिसत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही, ती बाहेर दिसणारच नाही. पॉवरशेलमधून त्या पॅकेजच्या वातावरणात कमांड प्रॉम्प्ट चालू करा आणि तिथून बघा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप-व्ही क्लायंटचा वेगळा लॉग असतो, तोही उघडा.

काय टाळावे

• ड्रायव्हर, अँटिव्हायरस, संगणकासोबत सुरू होणाऱ्या सर्व्हिस पॅकेजमध्ये कोंबू नका. ई-निविदा किंवा प्राप्तिकरासाठी डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लागतो. त्याचा ड्रायव्हर संगणकावरच बसवा, पॅकेज वरच्या प्रोग्रॅमचे करा. मराठी टायपिंगच्या सी-डॅकच्या आयएसएमसारख्या साधनांचेही तेच. जे सगळ्या प्रोग्रॅममध्ये चालायला हवे, ते एका बबलमध्ये बंद करून काय उपयोग?

• पॅकेजची फाइल म्हणजे आतून झिपच. प्रतीचे नाव बदलून आत डोकवायला हरकत नाही, पण हाताने काही बदलून परत बांधू नका. ब्लॉकचा हिशेब चुकतो आणि क्लायंट ती नाकारतो.

• क्लायंटचा कॅशे फोल्डर एक्सप्लोररमधून उडवू नका. आधी ‘रिपेअर’ करून पाहा. मात्र रिपेअरने वापरणाऱ्याच्या आतल्या सेटिंग्जही जाऊ शकतात, तेव्हा त्याला आधी विचारा.

• लॅपटॉपवर शेअर्ड कंटेंट स्टोअर चालू ठेवू नका. त्यात फाइली डिस्कवर न उतरता सर्व्हरवरूनच वाचल्या जातात. व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या फार्ममध्ये हे छान, फिरतीवरच्या माणसाला नाही. त्याच्या संगणकावर पॅकेज कार्यालयातच पूर्ण उतरवून द्या.

• आठ-दहा पॅकेजचा एकच कनेक्शन ग्रुप टाळा. तो चालेल, पण बिघडला की कोणामुळे बिघडला ते सापडणार नाही.

• आजच्या घडीला सगळी नवी सॉफ्टवेअर ॲप-व्हीत आणण्याचा बेत नको. ॲप-व्ही सर्व्हरच्या सपोर्टला मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०२६ ची मुदत दिली. पॅकेज कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून वाटत असाल तर तो सर्व्हर तुमच्या वाटेत येतही नाही, तरी नवे काम एमएसआयएक्स या मायक्रोसॉफ्टच्या नव्या पॅकेज-प्रकारातच करावे.

• पण जुनी सगळी पॅकेज एका दमात रूपांतरित करू नका. एमएसआयएक्स पॅकेजिंग टूल ॲप-व्ही ५ ची पॅकेज घेते, पण ज्यात स्क्रिप्टचा भरणा आहे ती निमूट चालतील असे गृहीत धरू नका. आधी कोण काय वापरते ते काढा; यादीतली काही नावे कोणी उघडलेलीही नसतात. शिवाय एमएसआयएक्सला डिजिटल सही लागते. सही करताना टाइमस्टॅम्प लावा, नाहीतर सर्टिफिकेटची मुदत संपली की तेच पॅकेज नव्या संगणकावर बसायला नकार देते.