टीव्ही रेकॉर्डिंगसाठी डिस्क निवडताना

दोन वर्षांपूर्वी सह्याद्री वाहिनीवर आमच्या गावच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम लागला. पखवाजावर आजोबा होते. घरच्या संगणकाला डिशचा ट्यूनर जोडलेला होता. जागा वाचावी म्हणून मी रेकॉर्डिंग थेट एमपी४मध्ये लावले. कार्यक्रम संपायला दहा मिनिटे राहिली अन् लाईट गेली. परत आल्यावर पाहतो तर फाईल जागेवर, पण उघडतच नाही! आजोबा एवढंच म्हणाले, "मग काय कामाचं रं तुझं मशीन?"

होस्टेलवर बरेच जण जुना पीसी घरच्या टीव्हीला जोडायच्या बेतात असतात. त्यांच्यासाठी हा लेख.

दुकानात गेलं की पहिली चर्चा वेगाची. जरा गणित करू. साध्या वाहिनीचा प्रवाह सेकंदाला ४ मेगाबिट धरा. आठने भागले की अर्धा मेगाबाईट, म्हणजे तासाला १.८ जीबी. साधी हार्ड डिस्क सलग लिहिताना सेकंदाला १०० मेगाबाईट सहज गाठते. तेव्हा चार वाहिन्या एकदम रेकॉर्ड केल्या तरी वेग पुरून उरतो. अडचण येते ती त्याच डिस्कवर विंडोज आणि डाऊनलोड चालू असले की. डिस्कचे हेड सारखे इकडून तिकडे पळते आणि चित्र अडखळते. वेगळे पार्टिशन करून उपयोग नाही, कारण हेड तेच. डिस्कच वेगळी हवी. रोज तीन तास रेकॉर्डिंग केले तर १ टीबी सहा महिने पुरते.

एसएसडी लिहून लिहून झिजते, ही भीती मलाही होती. लाईव्ह टीव्ही थांबवून पुढे पाहायची सोय चोवीस तास चालू ठेवली तरी दिवसाला ४३ जीबी, वर्षाला १६ टीबीच्या आत लिहिले जाते. ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीला ३०० टीबी लिखाणाची हमी असते. करा भागाकार! प्रश्न झिजण्याचा नाही, पैशाचा आहे. म्हणून विंडोज किंवा लिनक्स छोट्या एसएसडीवर आणि रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर, हे मला पटले. सीसीटीव्हीची खास डिस्क चोवीस तास चालण्यासाठी बनवलेली असते हे खरे, पण चित्र न अडखळू देण्याची तिची खुबी यंत्राने तशा आज्ञा दिल्या तरच कामी येते. घरच्या पीसीसाठी जादा पैसे मोजू नका.

फॅट३२ मात्र टाळाच. त्यात एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही, म्हणजे वरच्या हिशेबाने सव्वादोन तासांच्या थोडे पुढे गेले की संपले. क्रिकेटचा सामना त्यात मावत नाही.

आता खरे दुखणे, लाईट. एमपी४ फाईलची अनुक्रमणिका बहुधा रेकॉर्डिंग बंद करताना शेवटी लिहिली जाते. त्याआधी वीज गेली की पन्नास मिनिटांचा डेटा डिस्कवर असूनही वाचता येत नाही. डिशवरून येणारा टीएस प्रवाह मात्र १८८ बाईटच्या पाकिटांचा असतो आणि प्रत्येक पाकिटाच्या सुरुवातीला ठरलेली खूण असते. फाईल कुठेही तुटली तरी तिथपर्यंत चालते, शेवटचे काही सेकंद तेवढे जातात. म्हणून रेकॉर्डिंग टीएसमध्येच करावे, एमपी४ नंतर सावकाश करावे. जोडीला छोटा यूपीएस घ्या. बाहेरच्या डिस्कला वेगळा अ‍ॅडॉप्टर असेल तर तोही यूपीएसवरच लावा. मी पहिल्यांदा तो भिंतीच्या बोर्डावर लावून ठेवला होता!

अन् उन्हाळा. मे महिन्यात आपल्या बीड जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि बहुतेक हार्ड डिस्कची मर्यादा ६० अंशांची. टीव्हीच्या बंद कपाटात पीसी कोंबू नका.

आजोबांची फाईल मी पुसली नव्हती, हे बरं झालं. त्याच सॉफ्टवेअरने केलेली दुसरी चांगली फाईल जवळ असेल, तर तुटलेल्या एमपी४मधून बरेच काही परत काढणारे अनट्रंक नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याने ४१ मिनिटे मिळाली. चित्र दोन-तीन ठिकाणी फुटते, पखवाज मात्र स्वच्छ ऐकू येतो.