इलेक्ट्रिक ट्रक: अनुदान किती, खिशातून किती?

केंद्राच्या 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत इलेक्ट्रिक ट्रकसाठी ५०० कोटी रुपये ठेवले आहेत. त्यातून देशभरात सुमारे ५,६०० ट्रकनाच मदत मिळेल, म्हणून हिशेब आधी मांडा आणि मगच बुकिंग करा.

ही मदत साडेतीन टनांवरच्या आणि ५५ टनांपर्यंतच्या ट्रकना मिळते. हे वजन गाडी आणि माल मिळून धरायचे. बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासाला ५,००० रुपये किंवा एक्स-फॅक्टरी किमतीच्या १० टक्के, यांतली कमी रक्कम मिळते. वजनगटाप्रमाणे कमाल मर्यादाही आहे. कोणत्याही ट्रकला ९ लाख ६० हजारांपेक्षा जास्त मिळत नाही. समजा, मोठ्या ट्रकची किंमत ९० लाख आणि बॅटरी २५० किलोवॅट-तासांची आहे. बॅटरीच्या हिशेबाने साडेबारा लाख होतात, किमतीच्या हिशेबाने ९ लाख. हातात पडतील ९ लाखच. ही रक्कम बिलातूनच वजा होते. सरकारकडून ती वसूल करणे हे कंपनीचे काम.

खरी अट जुन्या ट्रकची आहे. तेवढ्याच किंवा अधिक वजनाचा डिझेल ट्रक अधिकृत केंद्रात भंगारात काढल्याचे प्रमाणपत्र लागते. स्वतःकडे तसा ट्रक नसेल तर प्रमाणपत्र विकत घ्यावे लागते. ती किंमत खर्चात धरा.

इलेक्ट्रिक ट्रक डिझेलच्या दुप्पट-तिप्पट महाग पडतो. त्यामुळे अनुदानाने सगळा फरक भरून निघत नाही, तो रोजच्या धावण्यातून निघाला पाहिजे. महिन्याला ५,००० किलोमीटर, डिझेल ९० रुपये लिटर आणि लिटरला ३ किलोमीटर धरा: दीड लाख रुपये. किलोमीटरला १.३ युनिट लागत असतील आणि आपल्या आवारात वीज ९ रुपयांना पडत असेल, तर खर्च ५८,५०० रुपये. तोच ट्रक बाहेर २१ रुपये युनिटने भरला की खर्च १,३६,५०० वर जातो आणि बचत जेमतेम साडेतेरा हजार उरते. हप्ता त्यातून कसा निघणार? ठरलेला मार्ग आणि रात्री गाडी आपल्याच आवारात उभी, असे काम नसेल तर माझ्या मते अजून थांबावे.

म्हणून चार्जरचा खर्च ट्रकइतक्याच गांभीर्याने काढा. चार्जिंगसाठीचे केंद्राचे २,००० कोटी सार्वजनिक स्थानकांसाठी आहेत. फक्त आपल्या गाड्यांसाठी लावलेला चार्जर त्यात बसत नाही. महावितरणकडून वाढीव जोडभार, ट्रान्सफॉर्मर आणि केबल यांचे अंदाजपत्रक लेखी घ्या. २५० किलोवॅट-तासांची बॅटरी ६० किलोवॅटच्या चार्जरवर भरायला चार तासांहून अधिक लागतात. गाड्या दोन असतील तर रात्र पुरेल का, हेही पाहा.

इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के आहे, डिझेल ट्रकवर १८. योजनेनुसार बॅटरीची वॉरंटी ५ वर्षे किंवा ५ लाख किलोमीटर, यांतले जे आधी होईल ते. विक्रेत्याकडून कोटेशनमध्ये अनुदानाची वजावट आणि वॉरंटी वेगळ्या ओळींत लिहून घ्या, आणि निवडलेले मॉडेल योजनेत मंजूर आहे याची खात्री ॲडव्हान्स देण्यापूर्वी करा.