धंद्याचा नकाशा काढा : गिऱ्हाईक, माल आणि पैसा यांच्या वाटा ओळखा

दुकानासाठी जागा घेताना आपले बहुतेक बांधव तीन गोष्टी पाहतात : भाडे किती, पगडी किती आणि शेजारी कोण. एखाद्या नातेवाइकाचे त्या बाजारात बरे चालले आहे, एवढ्यावरही कित्येकदा निर्णय होतो. घरातला दागिना मोडून किंवा उसनवारी करून दुकान उभे राहते आणि वर्ष-दीड वर्षात शटर खाली येते. मग दोष नशिबाला दिला जातो. आमचे म्हणणे असे की, यातील पुष्कळसे नुकसान एक कागद, चार रंगीत पेन्सिली आणि महिनाभराची मेहनत यांनी टाळता येण्यासारखे आहे. आपल्या धंद्याचा नकाशा कसा काढावा, याचा विचार आज करू.

विद्या परकी नाही

अल-इद्रीसी या भूगोलतज्ज्ञाने सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्या दरबारी राहून 1154 मध्ये आपला ग्रंथ पुरा केला. त्याने ज्ञात जगाचे 7 पट्टे केले, प्रत्येक पट्ट्याचे 10 भाग पाडले आणि असे 70 नकाशे दिले. त्यात केवळ डोंगर-नद्या नाहीत. कोणत्या शहरापासून कोणते शहर किती अंतरावर, कुठे कोणता माल होतो, याचीही माहिती आहे. स्पेनमधील अल्मेरिया शहरात रेशमाचे 800 माग होते, अशी त्याची नोंद आहे. माग कुठे आहेत आणि माल कुठे जातो हे लिहून ठेवण्याची ही रीत आपण मात्र विसरलो.

पाया कुठून आणावा?

मोबाइलवरचा नकाशा आता घरोघरी आहे. रस्ते आणि अंतरे पाहायला तो उत्तम. इस्रोचे ‘भुवन’ हे संकेतस्थळ आणि सर्वसामान्य लोकांनी मिळून तयार केलेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हेही फुकट पाहता येतात. 1767 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशेही आहेत. हे जमत नसेल तर जिल्ह्याचा छापील नकाशा आणून भिंतीवर लावला तरी काम होते.

त्यावर भरायची माहितीही सरकारी कागदांत आहे. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावोगावची लोकसंख्या व सोयी दिलेल्या असतात, तर शहरांपुढे तिथे तयार होणाऱ्या मुख्य वस्तूंची नावे असतात. 2011 ची पुस्तिका जुनी झाली असली तरी गावांची तुलना करायला उपयोगी पडते. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ही जरूर चाळावे.

पहिला रंग : गिऱ्हाईक

महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला बिल करताना एवढेच विचारा, “कुठून आलात?” गावाचे किंवा मोहल्ल्याचे नाव वहीत लिहा आणि नकाशावर तिथे एक ठिपका द्या. दोन-तीनशे ठिपके झाले की चित्र बोलू लागते. जो रस्ता आपण महत्त्वाचा समजत होतो त्या बाजूला ठिपके कमी आणि भलत्याच बाजूला दाट, असेही दिसेल. जिथे वस्ती मोठी असून ठिपका नाही, तिथले लोक कुठे जातात याचा शोध घ्या. उधारीची गिऱ्हाइके वेगळ्या खुणेने दाखवा. वसुलीसाठी किती लांब हिंडावे लागते, तेही मग कळेल.

दुसरा रंग : बाजार आणि स्पर्धा

आता आठवडे बाजारांची गावे वारानुसार मांडा. मणियार, बागवान किंवा कापडाची फेरी करणारे बांधव बापजाद्यांच्या वाटेने फिरत असतात. सातही वार एका कागदावर आले की कोणत्या दिवशी जाण्या-येण्यातच कमाई संपते, हे लगेच ध्यानात येते.

दोन शहरांमधल्या गावांचे गिऱ्हाईक कोणाकडे वळते, याचा एक ढोबळ हिशेब आहे. विल्यम रायली या अमेरिकन अभ्यासकाने 1931 मध्ये मांडलेल्या नियमावर तो आधारलेला आहे. समजा, एका शहराची वस्ती 4 लाख, दुसऱ्याची 1 लाख आणि दोहोंत अंतर 30 किलोमीटर. मोठ्या वस्तीला लहान वस्तीने भागा : 4 आले. त्याचे वर्गमूळ 2. त्यात 1 मिळवा : 3. आता 30 ला 3 ने भागा : 10. म्हणजे लहान शहरापासून 10 किलोमीटरपर्यंतची गावे त्याच्याकडे येतील, त्यापलीकडची मोठ्या शहराकडे ओढली जातील. मध्ये नदी असेल, एस.टी. येत नसेल, तर हा आकडा बदलतो. म्हणून हिशेब आधी करा आणि पडताळा आपल्या ठिपक्यांवरून घ्या.

तिसरा रंग : माल आणि पैसा

कारागिरांसाठी हा भाग सर्वांत मोलाचा. मालेगाव घ्या. मुंबई-आग्रा महामार्गावरचे, मोसम नदीकाठचे हे शहर यंत्रमागावर जगते. सूत बाहेरून येते, कापड इथे विणले जाते आणि कच्च्या कापडाचा मोठा भाग रंगाई-छपाईसाठी राजस्थानातील पाली, बालोतरा यांसारख्या ठिकाणी जातो. नकाशावर हे बाण काढले की दिसते ते असे : विणाईची मजुरी शहरात राहते, रंग, घडी, छाप आणि नाव यांचा नफा दुसरीकडे राहतो.

मग रंगाईचे कारखाने इथेच काढावेत का? त्यासाठी नकाशावर पाण्याचा रंगही भरावा लागेल. पालीजवळची बांडी नदी याच धंद्याच्या सांडपाण्याने नासली आणि तिथल्या कारखान्यांना कोर्टकचेऱ्या भोगाव्या लागल्या. नफा जातो कुठे, हे नकाशा दाखवतो. तो परत आणण्याची किंमतही त्याच नकाशावर वाचली पाहिजे.

रेषा बदलते, धंदा बदलतो

भिवंडीच्या आसपासची गोदामे पाहा. मुंबई महापालिकेची जकात हद्दीवर भरावी लागे, म्हणून माल हद्दीबाहेर ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, हा हिशेब होता. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली. तरी गोदामे उठली नाहीत, कारण नाशिककडचा महामार्ग, न्हावा-शेवा बंदर आणि मुंबईसारखी बाजारपेठ जवळच आहे. यावरून शिकण्यासारखे हे की, आपला धंदा ज्या कारणाने एका जागी चालतो ते कारण कागदावर लिहावे. उद्या बायपास झाला, एस.टी. स्टँड हलला, तर ते कारण टिकेल का, हे स्वतःला विचारावे.

नकाशात न दिसणारे

मोबाइलच्या नकाशावर पाटीवाले दुकान दिसते; हातगाडी दिसत नाही. घरी बसून कांडी भरणारी, जरीकाम करणारी, विड्या वळणारी आपली बहीण तर मुळीच दिसत नाही. जे कागदावर नाही त्याची मागणीही करता येत नाही. म्हणून मोहल्ल्यातील चार शिकलेल्या तरुणांनी वही घेऊन घरोघर जावे. कोणत्या गल्लीत कोणते काम, किती हात, कच्चा माल कुठून, मजुरी कोण देतो, हे विचारावे. माहिती देणाऱ्याची परवानगी घ्यावी आणि कोणाची कमाई चारचौघांत उघड करू नये. ती अमानत आहे.

असा नकाशा हाती असला की जिल्हा उद्योग केंद्रात बोलणे सोपे जाते. केंद्र सरकारच्या सूक्ष्म व लघु उद्योग समूह विकास योजनेत सामायिक सुविधा केंद्र मागताना त्या भागातील धंद्याची पाहणी करावीच लागते. ही पाहणी आधीच तयार असलेल्यांना खेटे कमी पडतात.

रोजी देणारा अल्लाह आहे, यात शंका नाही. पण तवक्कल म्हणजे उंट मोकळा सोडून देणे नव्हे. येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून गल्ल्याजवळ एक वही ठेवा आणि पहिला ठिपका द्या. नव्या दुकानाची पगडी मोजायची असेल, तर ती त्यानंतर मोजा.