शिक्षक-सन्मान-सप्ताह आणि वर्गणीची पेटी

गुरुजनांविषयीं आदर बाळगावा, हें आपल्या मुलांस नव्यानें शिकवावें लागत नाहीं. आषाढी पौर्णिमेस गुरुपूजन करण्याची चाल आपल्याकडे पुरातन आहे. परंतु मनांतील आदर सबंध आठवडाभर, ठरलेल्या क्रमानें आणि घरोघरच्या पैशांनीं प्रकट करावयाचा म्हटला, कीं त्यांत हिशेब येतो, मानापमान येतो, आणि कोणीं किती दिलें हा प्रश्नही येतो. असा सप्ताह आपल्या शाळेंत व्हावा अशी ज्यांची इच्छा असेल, त्या विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं या विषयाचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

सप्ताहाची ही प्रथा मूळची अमेरिकेंतील. १९४४ च्या सुमारास आर्कान्सा राज्यांतील मॅटी व्हाइट वुड्रिज नांवाच्या शिक्षिकेनें, शिक्षकांच्या गौरवासाठीं राष्ट्रानें एक दिवस राखून ठेवावा, अशा आशयाचीं पत्रें राजकारणांतील व शिक्षणक्षेत्रांतील पुढाऱ्यांस लिहावयास आरंभ केला. या खटपटीचें फळ दिसावयास बराच काळ लागला. १९८० सालीं तेथील काँग्रेसनें ७ मार्च हा दिवस त्या एका वर्षापुरता राष्ट्रीय शिक्षकदिन म्हणून जाहीर केला. पुढें १९८४ सालीं पालक व शिक्षक यांच्या राष्ट्रीय संघानें मे महिन्याच्या आरंभींचा एक आठवडा शिक्षकांच्या गौरवासाठीं नेमला, आणि १९८५ सालीं शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेनें आपला दिवसही त्याच आठवड्यांत आणला. या पालक-शिक्षक संघाचा जन्म १८९७ सालीं वॉशिंग्टन येथें ‘मातांची राष्ट्रीय परिषद’ म्हणून झाला होता, हें येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. आठवडाभर शिक्षकांस खाऊं घालण्याची कल्पना मातांच्या संस्थेच्या पोटीं जन्मली, यांत नवल तें काय?

त्या आठवड्यांत एके दिवशीं मुलें फुलें आणतात, तर दुसऱ्या दिवशीं हातानें लिहिलेलीं आभाराचीं पत्रें आणतात. एके दिवशीं पालक घरून पदार्थ करून आणतात व शिक्षकांच्या खोलींत जेवण मांडतात; एके दिवशीं वर्गास लागणारें सामान, म्हणजे कागद, रंग, पेन्सिली वगैरे देतात. पैकीं या शेवटच्या दिवसाचें महत्त्व आमच्या मतें सर्वांत अधिक. तेथील शिक्षक वर्गाच्या सामानासाठीं पदरचे पैसे खर्च करितात, हें सरकारासही मान्य आहे. इतकें, कीं असा कांहीं खर्च प्राप्तीवरील कर आकारतांना वजा करण्याची सवलत २००२ पासून देण्यांत आली. आरंभीं तिची मर्यादा २५० डॉलर होती, ती २०२२ सालीं ३०० डॉलर झाली. ज्यानें आपल्या पगारांतून मुलांसाठीं पेन्सिली आणल्या, त्यास गुलाबाच्या फुलापेक्षां पेन्सिलींचा डबा दिला तर आभार अधिक नेमके पोंचतात.

हें सर्व चालतें तें लोकांच्या देणग्यांवर. आणि येथेंच आपल्या विषयांतील अवघड भाग सुरू होतो.

‘देणगी’ हा शब्द शाळेच्या संबंधानें उच्चारतांच आपल्याकडील पालकांच्या कपाळावर आठी पडते. शाळेंत प्रवेश मिळण्यासाठीं मागितली जाणारी रक्कम याच सभ्य नांवानें वावरत आली. ती बंद करण्यासाठीं महाराष्ट्रानें १९८७ सालीं कायदा केला, आणि २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानेंही प्रवेशाच्या वेळीं असे पैसे घेण्यास बंदी केली. ‘वर्गणी’ म्हणावें, तर दारावर पावतीपुस्तक घेऊन उभ्या राहिलेल्या मंडळाची आठवण होते, आणि तेथें नाहीं म्हणण्याची सोय फारशी नसते. तेव्हां शब्द कोणताही वापरा. देणाऱ्यास न देण्याची मोकळीक आहे कीं नाहीं, एवढें पाहावें.

या बाबतींत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्याचा नियम अभ्यासण्याजोगा आहे. तेथील सरकारी शाळांतील शिक्षक हा लोकसेवक गणला जात असल्यामुळें, त्याच्या पदामुळें दिली जाणारी ५० डॉलर किंवा त्याहून अधिक किंमतीची भेट त्यास स्वीकारतां येत नाहीं. मात्र सबंध वर्गानें मिळून दिलेली भेट वर्षभरांत १५० डॉलरपर्यंत चालते. तिची अट अशी, कीं ती भेट केवळ ‘वर्गाकडून’ म्हणून दिली जावी. कोणीं दिलें आणि किती दिलें हें शिक्षकास कळूं नये. शाळेच्या वर्गासाठीं दिलेलें सामान निराळें. तें त्या शिक्षकाचें होत नाहीं.

या अटींत मोठें शहाणपण आहे. समजा, एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं सप्ताहासाठीं एक हजार रुपये दिले व दुसऱ्याच्या वडिलांनीं कांहींच दिलें नाहीं, आणि हें बाईंस ठाऊक आहे. बाई न्यायी आहेत. त्या गुण योग्य तेच देतील. परंतु पहिल्या मुलानें रात्र रात्र जागून गणितांत गुण मिळविले, तरी मागच्या बांकावरून कोणी तरी पुटपुटतोच, ‘मिळतीलच, हजार रुपये दिलेत!’ म्हणजे खऱ्या कमाईसही डाग लागला. आणि दुसऱ्या मुलाची स्थिति याहून वाईट. वर्गाच्या प्रमुखानें यादी हातांत घेऊन बांकाबांकापुढून जावें, प्रत्येकाचें नांव व आंकडा लिहावा, आणि त्या मुलापाशीं येतांच त्यानें वहींत डोकें खुपसून कांहीं तरी शोधण्याचें सोंग करावें, हा देखावा ज्यांनीं पाहिला असेल त्यांस त्याचें वर्णन नको. हल्लीं यादी बांकापुढून न फिरतां पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरते. तेथें रकमांपुढें नांवें लागतात, खालीं जोडलेल्या हातांचीं चित्रें उमटतात, आणि ज्यांचें नांव नाहीं तें सर्वांस न सांगतां दिसतें.

येथें कोणी म्हणेल, कीं दात्याचें नांव झांकावयाचें तर आपल्या मोठमोठ्या संस्थांवर दात्यांचीं नांवें कशीं? महर्षि कर्वे यांच्या महिला विद्यापीठास सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं १९२० सालीं पंधरा लक्ष रुपये देऊं केले, आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचें नांव त्या विद्यापीठास मिळालें. स्वतः कर्वे सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ सालीं, संस्थेसाठीं निधि मिळवावयास युरोप-अमेरिकेच्या प्रवासास निघाले. आपल्या देशांत शिक्षकांनींच समाजापुढें हात पसरून शाळा-महाविद्यालयें उभीं केलीं, आणि दात्यांचीं नांवें कृतज्ञतेनें दगडांत कोरलीं. हें सर्व योग्यच झालें. पण दगडास कोणाची उत्तरपत्रिका तपासावयाची नसते. शिक्षकास असते. म्हणून इमारतीस दिलेलें दान आणि शिक्षकास दिलेली भेट यांस एकच नियम लावतां येत नाहीं.

शिक्षकांसाठीं निनांवी दान देण्याची एक वाट आपल्याकडेही आहे. १९६२ सालीं डॉ. राधाकृष्णन् राष्ट्रपति झाले, आणि त्यांचा जन्मदिवस, ५ सप्टेंबर, शिक्षकदिन म्हणून पाळला जाऊं लागला. त्याच वर्षीं अडचणींत सांपडलेल्या शिक्षकांस व त्यांच्या कुटुंबांस साहाय्य करण्यासाठीं राष्ट्रीय शिक्षक कल्याण प्रतिष्ठान स्थापन झालें. शिक्षकदिनीं लहान लहान ध्वज देऊन त्याबद्दल लोकांकडून यथाशक्ति पैसा घ्यावयाचा, अशी त्याची निधि जमविण्याची एक रीत होती. ध्वज घेणाऱ्यास आपला पैसा कोणत्या शिक्षकाच्या घरीं गेला हें कळत नव्हतें, आणि शिक्षकासही तो कोणाच्या खिशांतून आला हें कळत नव्हतें.

आतां आपल्या शाळेंत सप्ताह करावयाचा तर कसा, तें पाहूं.

पहिला प्रश्न काळाचा. अमेरिकेंतील मे महिना आपणांस उपयोगी नाहीं. त्या वेळीं आपल्या शाळांस कुलूप असतें व मुलें मामाच्या गांवीं असतात. शिक्षकदिनाचा आठवडा सोयीचा, परंतु त्याच सुमारास बहुधा गणपति येतात. गणेशचतुर्थी ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या उत्तरार्धापर्यंत केव्हांही येऊं शकते. म्हणून समितीनें सर्वांत आधीं पंचांग उघडावें. प्रथम सत्राच्या परीक्षेस लागूनही सप्ताह नको. गुण देण्याच्या तोंडावर भेटी कशाला?

समिति लहान असावी: दोन-तीन पालक आणि वरच्या दोन वर्गांतील चार विद्यार्थी. मुख्याध्यापकांची संमति अवश्य घ्यावी. परंतु पैशांच्या मोजणीस एकाही शिक्षकास बसवूं नये, कारण सत्कार त्यांचा आहे. पेटी पत्र्याची, वर फट असलेली, कुलुपाची असावी, आणि ती मुलें एकेकटीं येतात-जातात अशा ठिकाणीं ठेवावी. ग्रंथालयाचें दार ही जागा उत्तम. वर्गांत ती फिरवूं नये. घरीं जाणाऱ्या चिठ्ठींत रकमेचा आंकडा मुळींच लिहूं नये. कारण ‘यथाशक्ति, किमान पन्नास रुपये’ असें लिहिलें, कीं ‘यथाशक्ति’ हा शब्द वाचावयाचें कोणासच कारण उरत नाहीं. निनांवी पेटीस पावती देतां येत नाहीं. म्हणून ती रोज सायंकाळीं सर्वांसमक्ष उघडावी, आणि जमलेली एकूण रक्कम फळ्यावर लिहावी.

एक हिशेब करून पाहूं. समजा, शाळेंत ६०० मुलें, २४ शिक्षक आणि ६ इतर सेवक आहेत. निम्म्या मुलांनीं सरासरी १० रुपये टाकले तर ३,००० रुपये जमतील. ते ३० माणसांस वांटले तर माणशीं १०० रुपये पडतात. त्यांत एक बरीशी लेखणी येते, आणि बहुतेकांपाशीं लेखणी असतेच. तेच पैसे एकत्र ठेवले तर शिक्षकांच्या खोलींत एक भिंतीवरील पंखा बहुधा बसूं शकेल. काय हवें, हें शिक्षकांसच आधीं विचारावें. अचानक भेट देण्याच्या हौसेपायीं नको असलेल्या वस्तूंनीं कपाटें भरतात. शाल-श्रीफळाविषयीं तर अधिक काय सांगावें! वीस वर्षें नोकरी झालेल्या शिक्षकाच्या घरीं इतक्या शाली असतात, कीं त्या कोणास द्याव्या याच विवंचनेंत घरची माणसें असतात.

वर ‘इतर सेवक’ मुद्दाम मोजले आहेत. घंटा देणारे मामा, वर्ग झाडणाऱ्या मावशी, कार्यालयांतील कारकून यांस वगळून जेवणाची पंगत मांडली, तर मुलें त्या आठवड्यांत कृतज्ञतेपेक्षां दुसरेंच कांहीं तरी शिकतील.

जेवण घरून आणावयाचें तर पदार्थांची यादी करावी. नाहीं तर वीस घरांतून शिरा येतो आणि पोळी एकाही घरून येत नाहीं. यादींत पदार्थ असावेत, शिक्षकांच्या हातीं पडणाऱ्या कागदावर नांवें नसावीत. श्रावण असेल तर उपवास कोणाकोणास आहेत, कांदा-लसूण कोणास चालत नाहीं, कोणाचे रोजे चालूं आहेत, साखर कोणास वर्ज्य आहे, हें आधीं विचारून घ्यावें. ज्या माउलीस पैसा देणें जड आहे तिच्या हातची ज्वारीची भाकरी या पंगतींत सर्वांत आधीं संपते. हा अनुभव पुष्कळांचा असेल. गांवांतील दुकानदारांनीं कांहीं दिलें तर घ्यावें, परंतु त्याबद्दल शाळेच्या दारावर दुकानाचा फलक लावूं नये. आणि शाळेस गणवेष किंवा वह्या विकणाऱ्या दुकानाकडून तर कांहींच घेऊं नये. तो दुकानदार आभार मानीत नसतो, पुढील वर्षाची तजवीज करीत असतो.

ज्यांस वस्तु देणें शक्य नाहीं ते वेळ देऊं शकतात. कोणी पालक परिचारिका असतील, कोणी सुतार, कोणी शेतकरी. मुख्याध्यापकांच्या परवानगीनें त्यांनीं एकेक तास मुलांस आपला व्यवसाय समजावून सांगावा, आणि तेवढा वेळ शिक्षकास मोकळा मिळावा. सलग पांच तास उभें राहून शिकविणाऱ्यास दुपारचा एक रिकामा तास म्हणजे काय, हें ज्याचें त्यास ठाऊक!

आतां पत्रांविषयीं. विद्यार्थिमित्रहो, हा भाग सर्वस्वीं तुमचा आहे. ‘आपण फार छान शिकवितां’ असें साठ जणांनीं लिहिलें, तर शिक्षक तें एकदां वाचून बाजूस ठेवतील. ‘अपूर्णांकांचा भागाकार आपण मला तिसऱ्यांदा समजावून सांगितला, त्या दिवशीं मला तो कळला, आतां मी तो धाकट्या बहिणीस शिकवितों’ असें एकानें लिहिलें, तर तें पत्र पुष्कळ वर्षें त्यांच्या टेबलाच्या खणांत राहील. म्हणून पत्रांत एक तरी खरी गोष्ट असावी. पत्रासाठीं सर्वांस एकसारखा कागद शाळेंतच, पेटींतील पैशांतून द्यावा; नाहीं तर एकजण बाजारांतलें सोनेरी कार्ड आणतो आणि दुसरा वहीचें फाडलेलें पान चार घड्या घालून मुठींत लपवितो. आणखी एक दक्षता घ्यावी. पत्रें मुलांच्या मर्जीवर सोडलीं, तर गोष्टी सांगणाऱ्या बाईंस शंभर येतात, आणि चित्रकलेचे सर, कवायतीचे सर व शिस्तीचे कडक गणिताचे मास्तर यांच्या टेबलावर दोन-तीन पडतात. म्हणून प्रत्येकानें एक पत्र आपल्या आवडीच्या शिक्षकास लिहावें, आणि दुसरें चिठ्ठी टाकून ज्यांचें नांव निघेल त्यांस लिहावें. या दुसऱ्या पत्रासाठीं आठवण खोल जाऊन शोधावी लागते, आणि बहुधा ती सांपडते.

सप्ताह शनिवारीं संपावा. त्याच दिवशीं जमा व खर्च यांचा एक कागद फळ्याशेजारीं लावावा: पेटींतून इतके, पंख्यास इतके, कागदास इतके, शिल्लक इतकी. शिल्लक पुढील वर्षासाठीं राखून ठेवूं नये. ती ग्रंथालयास द्यावी, म्हणजे पुढील वर्षीं पेटी पुन्हां रिकामीच ठेवावी लागेल. कागदावर दात्यांचीं नांवें नसल्यामुळें तो वाचावयास सर्वजण येतील, आणि ज्या मुलानें कांहीं टाकलें नाहीं तोही सर्वांबरोबर उभा राहून बेरीज तपासून पाहील. मग पेटीचें कुलूप ज्या पालकाचें असेल त्यास परत द्यावें.