भूतकाळाचे प्रत्यय

१. नव्या भाषेत शब्द लवकर जमतात, क्रियापद मात्र आपल्या सवयीच मोडायला लावतं. भाचेसून स्पेनची, म्हणून मालवणात बसून स्पॅनिश शिकायला घेतली. भूतकाळ आला आणि मराठी आडवी आली. आपण ‘मी मासा खाल्ला’ आणि ‘मी भाकरी खाल्ली’ म्हणतो. क्रियापद ताटातल्या पदार्थाप्रमाणे बदलतं. स्पॅनिशमध्ये पदार्थ कुठलाही असो, ‘कोमी’ म्हणजे मी खाल्लं. तिथे क्रियापद खाणाऱ्याचं असतं.

२. प्रत्ययच माणूस सांगतो, त्यामुळे ‘मी’, ‘तू’ म्हणायची गरज उरत नाही. ‘आब्ले’ मी बोलले, ‘आब्लास्ते’ तू बोललास. ‘आब्लो’ मात्र नीट ऐकावं लागतं: जोर पहिल्या अक्षरावर असेल तर ‘मी बोलते’, शेवटच्या अक्षरावर असेल तर ‘तो बोलला’ किंवा ‘ती बोलली’. आणि ‘आब्लामोस’ म्हणजे आम्ही बोलतो की बोललो, हे संदर्भावरूनच कळतं.

३. मदतीला आली ती घरची बोली, याचं मला फार अप्रूप वाटलं. प्रमाण मराठीत ‘गेलो’ म्हणजे मी किंवा आम्ही. आमच्याकडे ‘तो गेलो’ आणि ‘मी गेलंय’. शेवटचा ओ ‘त्याचा’, हे मालवणी कानाला वेगळं शिकवावं लागत नाही, म्हणून ‘आब्लो’ चटकन बसलं. ‘न’ मात्र चकवतो. ‘तेना केल्यान’ (त्याने केलं) यातला न एकट्याचा, अनेकांसाठी ‘केल्यानी’. स्पॅनिशचे ‘आब्लारोन’, ‘कोमिएरोन’ अनेकांचे. पण क्रियापदाच्या शेपटाशी कर्ता जोडायचा, ही रीत आम्हाला परकी नाही.

४. हीच रूपं शाळेत अशुद्ध ठरत. घरच्या बोलण्याला व्याकरण नसतं, हा समज जुनाच. स्पेनमधल्या नेब्रिहा या विद्वानाने कॅस्टिलियनचं, म्हणजे आजच्या स्पॅनिशचं, व्याकरण १४९२ साली छापलं, तेव्हा विद्वानांच्या लेखी व्याकरण असे ते लॅटिनला. आपल्या किनाऱ्यावर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने कोकणीचं व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिलं. तो १६१९ मध्ये वारला आणि ते १६४० साली गोव्यात राशोलला छापलं गेलं. परक्या माणसाला किनाऱ्यावरच्या बोलण्यात नियम दिसले. आम्ही मात्र ‘केल्यान’ खोडून ‘केले’ लिहीत मोठे झालो.

५. स्पॅनिशचा तक्ता पाठ करण्याआधी तुमच्या घरच्या बोलीतलं ‘करणे’ भूतकाळात लिहून काढा: मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा आणि ते सांगतील तसंच ठेवा, शुद्ध करू नका.