शिसवी लाकूड : गुण आणि उपयोग

मराठीत गर्द काळ्या रंगाला ‘शिसवी’ म्हणतात. हा शब्द शिसव वृक्षाच्या लाकडावरून आला आहे. प्रत्यक्षात मात्र हे लाकूड निखळ काळे नसते. त्याच्या गाभ्यात तपकिरी व जांभळट छटा असतात आणि त्यांतून गडद रेषा गेलेल्या दिसतात. या रेषांमुळेच लाकडाला शोभा येते.

शिसव हा सह्याद्रीत व मध्य भारतातील पानझडी जंगलांत वाढणारा, शेंगा धरणारा वृक्ष आहे. ‘डालबर्जिया लॅटिफोलिया’ हे त्याचे शास्त्रीय नाव होय. उत्तर भारतात, झाशीच्या बाजूलाही, ज्याला ‘शीशम’ म्हणतात, तो याच प्रजातीतील वेगळा वृक्ष आहे. त्याचे लाकूड सोनेरी तपकिरी आणि वजनाला थोडे हलके असते.

गुण : एक घनमीटर वाळलेल्या सागाचे वजन सुमारे ६५० किलो, तर शिसवीचे सुमारे ८५० किलो भरते. लाकूड कठीण असल्याने करवत व रंध्याची धार लवकर जाते. परंतु पॉलिश उत्तम चढते. गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. गाभ्याबाहेरील फिकट पिवळसर थर मात्र किडीला बळी पडतो.

उपयोग : पलंग, देव्हारे, कोरीव खुर्च्या, तबल्याचे खोड आणि गिटारचे भाग यांसाठी हे लाकूड वापरतात. म्हैसूरची जडावकामाची कला त्यावरच उभी आहे. त्याचे पातळ पापुद्रे काढून ते प्लायवूडवरही चिकटवतात.

खरेदी करताना : हलक्या लाकडाला काळा रंग देऊनही ‘शिसवी’ म्हणून विकले जाते. म्हणून वस्तू उचलून पाहावी. आतली, रंग न दिलेली बाजू पाहावी आणि गडद रेषा लाकडातच आहेत का, हे तपासावे.

संवर्धन : शिसव सावकाश वाढतो, जाड गाभा तयार व्हायला अनेक दशके लागतात. मागणीमुळे झालेल्या तोडीने त्याचे अस्तित्व धोक्यात आले आहे. २०१७ पासून डालबर्जिया प्रजातीतील सर्व वृक्षांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ कराराचे नियंत्रण आहे. जुनी शिसवी वस्तू टाकून न देता दुरुस्त करून वापरणे, हेही वृक्षरक्षणच होय.

पाठावरील प्रश्न
१. शिसव व शीशम यांतील फरक लिहा.
२. शिसवीची मौल्यवानताच तिला घातक कशी ठरली?